फुकटात दिसणारा शेअरचा भाव उशिरा का येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअरचा भाव बघायला आता कुणाला फोन करावा लागत नाही. कंपनीचं नाव टाकलं की आकडा समोर येतो. तो आकडा आत्ताचा की मघाचा, हे मात्र पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि तिथवर फार थोडे जण पोचतात. बाजारात नव्याने आलेल्यांना याबाबत जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

एकाच शेअरचा भाव वेबसाइटवर एक आणि ब्रोकरच्या ॲपवर दुसरा दिसतो. खरा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, पण वेगवेगळ्या वेळचे. ॲपवरचा भाव क्षणापूर्वीच्या सौद्याचा असतो, वेबसाइटवरचा पंधरा मिनिटांपूर्वीचा असू शकतो.

आधी एक गोष्ट मात्र तपासा. वेबसाइट बीएसईचा भाव दाखवते आहे आणि ॲप एनएसईचा, असं तर नाही ना? हे आपल्याकडचे दोन मोठे शेअर बाजार, म्हणजे एक्स्चेंज. दोन्हींवर सौदे स्वतंत्रपणे होतात, त्यामुळे त्याच क्षणीसुद्धा काही पैशांचा फरक असू शकतो. ज्या शेअरमध्ये एका बाजूला उलाढाल अगदी कमी आहे, तिथे हा फरक रुपयांतही जातो. त्याला उशीर म्हणायचं नाही.

हा उशीर इंटरनेटच्या वेगामुळे होतो का?

नाही. एनएसईच्या यंत्रणेत सौदा जुळला की तो भाव देशभरातल्या टर्मिनलांवर डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो. वेबसाइटपर्यंतही तो तितक्याच लवकर पोचू शकतो. तो मुद्दाम अडवून ठेवलेला असतो आणि ठरलेली मिनिटं उलटल्यावर सोडला जातो.

खरा तांत्रिक उशीर कसा असतो हे बघायचं तर १९२९ सालच्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागेल. तेव्हा भाव कागदी पट्टीवर छापून येत. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलहान यांनी बनवलेल्या टिकर यंत्राची ही पुढची पिढी. २४ ऑक्टोबर १९२९ ला विक्रीचा असा लोंढा आला की दुपारी तीनला बाजार बंद झाला तरी शेवटचा सौदा पट्टीवर उमटायला संध्याकाळचे सात वाजून गेले. आपण किती बुडालो हेच लोकांना चार तास कळत नव्हतं, आणि त्या न कळण्याने घबराट आणखी वाढली. आजचा पंधरा मिनिटांचा उशीर त्या जातीचा नाही. तो करारात लिहिलेला असतो.

मग मुद्दाम उशीर कोण लावतं, आणि कशासाठी?

एक्स्चेंज लावतं. कारण सौद्यांवरचं शुल्क हे एक्स्चेंजचं एक उत्पन्न, तर भावांची माहिती हा त्याचा दुसरा विकाऊ माल. एनएसईची त्यासाठी वेगळी कंपनीच आहे, एनएसई डेटा अँड अॅनालिटिक्स. पूर्वी तिचं नाव डॉटेक्स इंटरनॅशनल होतं.

या मालाच्या प्रती, म्हणजे दर्जे असतात. सर्वात वरची प्रत म्हणजे प्रत्येक ऑर्डर आणि प्रत्येक सौदा जसा घडेल तसा, ज्याला टिक-बाय-टिक म्हणतात. त्याखाली ठरावीक पातळ्यांपर्यंतचे खरेदी-विक्रीचे भाव. मग दर एक-दोन किंवा पाच मिनिटांनी घेतलेलं चित्र, पुढे पंधरा मिनिटं उशिराचा डेटा, आणि शेवटी बाजार बंद झाल्यानंतरचा दिवसाचा डेटा. जितका ताजा माल, तितकी किंमत जास्त. जी वेबसाइट वाचकाकडून एक पैसाही घेत नाही आणि जाहिरातींवर चालते, ती साहजिकच स्वस्तातली प्रत उचलते. तुमच्यापर्यंत उशिराचा भाव येतो तो असा.

भाव म्हणजे नुसती माहिती. तिच्यावर मालकी कशी सांगता येते?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९०५ मध्येच येऊन गेला. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड हा धान्याच्या वायद्यांचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा मोठा बाजार. तिथले भाव तारेने देशभर जात. त्या भावांवर गावोगावी 'बकेट शॉप' नावाची दुकानं चालत. गिऱ्हाईक तिथे येऊन गहू वाढेल की पडेल यावर पैसे लावायचं. प्रत्यक्ष बाजारात एका दाण्याचीही ऑर्डर जायची नाही. दुकानदाराला फक्त बाजारचा खरा भाव हवा असे, कारण हारजीत त्यावरच ठरायची. शिकागोच्या बाजाराने तार कंपन्यांना अट घातली की आमचे भाव या दुकानांना द्यायचे नाहीत. ख्रिस्टी ग्रेन अँड स्टॉक कंपनीने ती अट मानायला नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला तो बाजाराच्या बाजूने: भाव गोळा करण्याचं काम बाजाराने केलं आहे, तो संग्रह त्याचा आहे, आणि तो कुणाला कोणत्या अटींवर द्यायचा हे बाजार ठरवू शकतो.

फुकटच्या भावाला उशीर लावता येतो तो याच तत्त्वावर. आपल्याकडच्या वाचकाला तर हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण डब्बा ट्रेडिंग म्हणजे हुबेहूब हेच. सौदा डब्बेवाल्याच्या वहीत होतो, एक्स्चेंजवर जातच नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची अधिकृत पावती) नाही, कर नाही, सौद्याची हमी नाही. डब्बेवाला पैसे घेऊन पळाला तर दाद मागायला जागा नाही. सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) कायदा, १९५६ नुसार तो गुन्हा आहे. आणि हा सगळा धंदा उभा असतो एकाच गोष्टीवर: एक्स्चेंजचा ताजा भाव.

म्हणजे उशिरामागे फक्त पैशांचं कारण नाही?

नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर असे खेळ आले की खेळणाऱ्याने 'आभासी' शेअर निवडायचे, दिवसअखेर ज्याची निवड जास्त चढली त्याला खऱ्या पैशांचं बक्षीस. भाव मात्र खऱ्या बाजाराचे, तेही लाइव्ह. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २४ मे २०२४ च्या परिपत्रकाने त्याला लगाम घातला. बाजाराचं कामकाज सुरळीत चालण्यासाठी किंवा नियमपालनासाठी गरज नसेल, तर लाइव्ह भाव तिसऱ्या पक्षाला द्यायचे नाहीत, असं एक्स्चेंजांना आणि ब्रोकरांसारख्या मध्यस्थांना बजावलं. गुंतवणूकदारांना शिकवण्यासाठी भाव हवे असतील तर ते एक दिवस उशिराचे, असंही त्यात होतं.

पुढे २९ जानेवारी २०२५ ला आणखी एक पाऊल पडलं. 'आम्ही फक्त शिकवतो' म्हणत चालू भाव दाखवून टिपा देणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. शिकवायचंच असेल तर किमान तीन महिने जुने भाव वापरा, असं सेबीने सांगितलं. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. मेणबत्तीचे आलेख कसे वाचावेत हे तीन महिन्यांपूर्वीच्या आलेखावरही तितकंच चांगलं शिकवता येतं. ज्याला त्यासाठी आजच सकाळी सव्वाअकराचा भाव लागतो, तो शिकवत नसतो.

पंधराच मिनिटं का? पाच किंवा तीस का नाहीत?

पंधरा हा आकडा कुठल्या सूत्रातून निघालेला नाही, तो वहिवाटीने रुळला. रोजचा सौदा करणाऱ्याला पंधरा मिनिटांपूर्वीचा भाव निरुपयोगी असतो, म्हणून तो ताज्या भावासाठी पैसे मोजतो. साध्या वाचकाला 'आज बाजार कसा आहे' एवढंच कळायला तो पुरतो. विकणाऱ्याचा धंदा बुडत नाही आणि वाचकाचं काम भागतं, असं ते मधलं अंतर. काही ठिकाणी वीस मिनिटंही असतात.

आकडे सारखे हलत असतात, हिरवे-लाल होतात. म्हणजे भाव लाइव्हच ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज. उशिराचा भावही वाहताच असतो. ११:०५ ला झालेले सौदे त्याच क्रमाने, त्याच वेगाने ११:२० ला पडद्यावर येतात. आकडा लुकलुकतो, रंग बदलतो, सगळं जिवंत वाटतं. हलतोय म्हणून ताजा, असं समजू नका.

मग ओळखायचं कसं?

भावाशेजारी वेळ लिहिली आहे का बघा आणि ती घड्याळाशी ताडून पाहा. मात्र काही पानं सौद्याची वेळ न देता पान ताजं झाल्याची वेळ देतात, तिथे फसगत होते.

त्यापेक्षा खात्रीची परीक्षा सकाळी घेता येते. आपला बाजार ९:१५ ला सुरू होतो. त्याआधी ९ वाजल्यापासून प्री-ओपन, म्हणजे सुरुवातीचा भाव ठरवण्याचा टप्पा असतो. ९:२० ला पान उघडा. त्यावर अजून कालचाच बंद भाव असेल, आणि ब्रोकरच्या ॲपवर मात्र तोच शेअर पाच मिनिटं धावत असेल, तर पान उशिराचं आहे. संध्याकाळी हेच उलट करून बघा: बाजार बंद झाल्यावर ३:४० लाही भाव वरखाली होत असेल, तर तो मघाचा बाजार तुम्हाला आत्ता दाखवला जातो आहे.

ब्रोकर तोच भाव फुकट आणि लाइव्ह कसा देतो?

ब्रोकर एक्स्चेंजचा सभासद आहे. तुम्ही ऑर्डर टाकावी म्हणूनच तो भाव दाखवतो आणि त्यासाठीची यंत्रणा, जोडणी, शुल्क हे सगळं तो भरतो. तो खर्च ब्रोकरेज आणि इतर आकारांतून वसूल होतो. तुमच्या हिशेबात तो वेगळा दिसत नाही इतकंच. पण ज्याचं डिमॅट खातं आहे त्याला लाइव्ह भावासाठी आणखी कुठे पैसे भरायची गरज नाही. महिना अमुक रुपयांत 'लाइव्ह भावांचा ग्रुप' विकणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे परवाना आहे का, एवढंच विचारा.

ब्रोकरच्या ॲपवर तरी प्रत्येक सौदा दिसतो का?

नाही. उलाढालीच्या शेअरमध्ये एका सेकंदात ढीगभर सौदे होतात, माणसाला ते वाचताही येणार नाहीत. ॲप त्यातलं ताजं चित्र थोड्या थोड्या अंतराने दाखवतं. गुंतवणुकीसाठी आणि साध्या इंट्राडेसाठीही, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्यासाठीही, ते पुरेसं आहे.

ज्यांना त्याहून वेग हवा, ते आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याच्या जागेत ठेवतात. याला को-लोकेशन म्हणतात. तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागालाही मोल असतं. एनएसईचं गाजलेलं को-लोकेशन प्रकरण याच टिक-बाय-टिक डेटाचं: काही ब्रोकरांच्या सर्व्हरना तो इतरांआधी मिळत होता का, हा त्यातला प्रश्न. सेबीने एप्रिल २०१९ मध्ये एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये आणि त्यावरचं व्याज भरायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, म्हणजे सॅटने, तो आदेश रद्द केला, पण हलगर्जीपणाबद्दल १०० कोटी रुपये भरायला लावले. पंधरा मिनिटांच्या उशिराची चर्चा करताना हे लक्षात असू द्यावं की वरच्या मजल्यावर मोजमाप मिनिटांत होतच नाही.

उशिराचा भाव बघून ऑर्डर टाकली तर नेमकं काय बिघडतं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कंपनीचे तिमाही निकाल दुपारी १:४० ला आले, चांगले आले, आणि शेअर ६४० वरून ६६८ वर गेला. तुम्ही १:५० ला फुकटचं पान उघडलं. त्यावर १:३५ चा भाव आहे, ६४०. निकाल वाचून तुम्हाला वाटलं, अजून चढलेला नाही, घेऊन टाकू. शंभर शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे बाजारात असेल त्या भावाला घ्यायची ऑर्डर टाकली. मनातला हिशेब ६४,००० चा, खात्यातून गेले ६६,८०० च्या आसपास. २,८०० रुपये नुसत्या शिळ्या आकड्यापायी.

हीच ऑर्डर ६४५ ची लिमिट लावून, म्हणजे त्याहून जास्त भाव द्यायचा नाही असं सांगून टाकली असती तर ती लागलीच नसती. तुम्ही थांबला असता, पुन्हा बघितलं असतं. म्हणून भावाबद्दल किंचितही शंका असेल तर मार्केट ऑर्डर नको.

पण लिमिट ऑर्डर सगळ्यातून वाचवते असंही नाही. निकाल वाईट आले आणि शेअर ६०१ वर घसरला असेल, तर तुमची ६४५ ची खरेदी ताबडतोब लागेल, ६०१ च्या जवळपास. कागदावर स्वस्तात मिळालं, पण जी बातमी कळली असती तर तुम्ही हातही लावला नसता तो शेअर आता तुमच्या खात्यात आहे. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा रोखण्यासाठी ज्या भावाला विकायचं तो भाव, कुठे लावायचा हे उशिराच्या भावावरून ठरवणं याहून धोक्याचं. ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचा व्यवहार तर अशा पानावरून करूच नये. तिथे पंधरा मिनिटांत प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, निम्मा होऊ शकतो.

मी शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवतो. मला याने फरक पडतो का?

ऑर्डर टाकतानाचा क्षण सोडला तर नाही. वाचा, तुलना करा, वही भरा, सगळं उशिराच्या भावावर खुशाल करा. दर पाच मिनिटांनी भाव न बघणं हे दीर्घकाळच्या गुंतवणूकदाराच्या भल्याचंच आहे. गूगल शीटमध्ये भाव आपोआप आणणारं जे सूत्र आहे, त्यातले भावही वीस मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात, असं गूगलच सांगतं. मालमत्तेचा हिशेब ठेवायला ते पुरेसं आहे.

अमेरिकेतले शेअर भारतातून बघतो. तिथला नियम काय?

तिथेही पंधरा मिनिटांची वहिवाट आहे. फरक इतकाच की एकच शेअर तिथे अनेक एक्स्चेंजांवर विकला जातो, आणि सगळीकडचे भाव एकत्र करून देणारी सामाईक यंत्रणा आहे. तिचा ताजा भाव घ्यायचा तर शुल्क लागतं. तेही दोन प्रकारचं, हौशी गुंतवणूकदाराला थोडं आणि व्यावसायिकाला कितीतरी जास्त. म्हणून खातं उघडताना 'तुम्ही व्यावसायिक आहात का' असा प्रश्न येतो.

काही मोठ्या वेबसाइट अमेरिकी भाव फुकट आणि लाइव्ह दाखवतात, ते बहुतेकदा एखाद्याच एक्स्चेंजवरचे असतात. भाव खरा, पण संपूर्ण बाजाराचा नव्हे. मोठ्या कंपन्यांत फरक नगण्य, लहान कंपन्यांत जाणवण्याइतका. भारतीय वेळेनुसार तो बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला उघडतो आणि हिवाळ्यात ८ ला. वर्षातून दोनदा हा बदल होतो, तेव्हा 'आज भाव हलत का नाही' असा घोर लावून घेऊ नका.

मी न्यू जर्सीत असतो. भारतीय शेअरचे भाव मला इथे उशिरा मिळतात का?

अंतरामुळे नाही. भारतातल्या ब्रोकरकडे एनआरआय खातं असेल तर त्याच्या ॲपवर तुम्हाला तोच लाइव्ह भाव दिसतो जो पुण्यातल्या माणसाला दिसतो. तिथल्या स्थानिक वेबसाइटवर मात्र तिने कोणती प्रत विकत घेतली आहे त्यावर अवलंबून. मुंबईचे ९:१५ म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ११:४५, हिवाळ्यात १०:४५.

एनएसई-बीएसईच्या स्वतःच्या साइटवर भाव जवळपास लाइव्ह दिसतो. तो उचलून मी माझ्या ॲपवर दाखवू का?

बघायला ती पानं सगळ्यांना खुली आहेत. त्यांचा वापर जरूर करा, ब्रोकर नसलेल्यासाठी ती सर्वांत भरवशाची जागा आहे. पण तिथले आकडे प्रोग्रॅम लावून उचलणं आणि पुढे वाटणं अटींमध्ये बसत नाही. त्यासाठी परवाना घ्यावा लागतो.

या परवान्याचं वजन केवढं असतं ते निफ्टी या एनएसईच्या निर्देशांकाच्या बाबतीत दिसलं. सिंगापूरच्या एक्स्चेंजवर निफ्टीचे वायदे जोरात चालत. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतातल्या एक्स्चेंजांनी मिळून जाहीर केलं की परदेशी एक्स्चेंजांना यापुढे भावांचे परवाने देणार नाही. बरीच भांडणं, बरीच बोलणी झाली. अखेर ३ जुलै २०२३ पासून ते वायदे गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत आले आणि गिफ्ट निफ्टी झाले. भाव देणार नाही, एवढ्या एका वाक्यावर सगळा बाजार देश बदलून आला.

म्युच्युअल फंडाची एनएव्ही (एका युनिटचं मूल्य) दिवसभर तीच का असते? तोही उशीर का?

नाही. ती दिवसातून एकदाच काढली जाते, बाजार बंद झाल्यावर. रात्री नवा आकडा येतो. मधल्या वेळेत दाखवण्यासारखं काही नसतंच.

पैसे भरूनही भाव अडकतो तेव्हा?

तेव्हा बिघाड वरच असतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईचं असंच झालं. सकाळीच निफ्टीचा आकडा थिजला, ११:४० ला सौदे थांबवावे लागले, आणि दुपारी ३:४५ ते ५ असा बाजार पुन्हा चालवला. अशा वेळी बीएसईचा भाव बघा, आणि समोरचा आकडा बराच वेळ एका जागी खिळलेला दिसला तर नवी ऑर्डर टाकू नका.

भाव आमच्याच ऑर्डरींनी ठरतो. तो आम्हालाच विकत का घ्यावा लागावा?

तक्रार रास्त आहे. खरेदी करणारे आणि विकणारे नसतील तर एक्स्चेंजकडे विकायला भावच उरणार नाही. एक्स्चेंजचं म्हणणं असं की सौदे जुळवणं, त्यावर नजर ठेवणं, ते टिकवून ठेवणं याला खर्च आहे, आणि त्याचा वाटा ज्याला ताजा भाव हवा त्याने उचलावा. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. ज्या गोष्टीत मला तडजोड मान्य नाही ती वेगळी आहे. उशिराचा भाव दाखवणाऱ्याने 'हा भाव पंधरा मिनिटांपूर्वीचा आहे' हे भावाला चिकटून, भावाएवढ्याच अक्षरांत लिहायला हवं. तळाशी करड्या रंगात नाही. खर्च काहीच येत नाही, आणि नवख्या माणसाचे पैसे वाचतात.

जुने भाव, रोजचे बंद भाव हवे असतील तर?

भावकॉपी उतरवून घ्या. दोन्ही एक्स्चेंज रोज बाजार बंद झाल्यानंतर आपल्या साइटवर ही फाइल ठेवतात, फुकट. त्या दिवशी सौदा झालेल्या प्रत्येक शेअरची एक ओळ: उघडला तो भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, शेवटचा भाव, बंद भाव, किती शेअर फिरले. शेवटचा भाव आणि बंद भाव हे दोन वेगळे रकाने आहेत. पहिला अखेरच्या सौद्याचा, दुसरा एक्स्चेंजने ठरलेल्या पद्धतीने काढलेला. पोर्टफोलिओचं मूल्य काढताना बंद भावाचा रकाना घ्यायचा.